विलायतेतली सून आणि एका वर्षाचा नियम

लंडन शहराच्या पश्चिमेला साउथॉल नावाचा भाग आहे. पंजाबातली पुष्कळ कुटुंबं तिथे कामाधंद्याला जाऊन कायमची राहिली. त्या भागातल्या बायांनी सरकारशी भांडून एक नियम कसा बदलून घेतला, ते आज सांगते.

ब्रिटनच्या नागरिकाशी लग्न करून गेलेल्या मुलीला तिथे लगेच कायमचं राहता येत नसे. आधी एक वर्षाची मुदत मिळे. वर्ष भरलं की दोघं एकत्र नांदतोय हे दाखवून कायमच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. त्याआधी लग्न मोडलं तर तिचा राहण्याचा हक्क संपला. का मोडलं, याला नियमात जागा नव्हती. खोटी लग्नं रोखायला नियम आहे, असं सरकारचं म्हणणं. पण मारझोड करणाऱ्या नवऱ्याच्या हातात आयतीच काठी आली. “गप रहा, नाहीतर परत पाठवीन,” एवढं म्हटलं की पुरे. आणि परत येणार कुठे? टाकलेल्या बाईकडे गाव कसं बघतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

१९७९ साली ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संस्था सुरू झाली होती. आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या बाया त्यात एकत्र आल्या. ऐश्वर्या रायचा ‘प्रोव्होक्ड’ सिनेमा ज्या किरणजीत अहलुवालिया यांच्यावर आहे, त्यांच्या सुटकेसाठी हीच संस्था लढली. १९९२ मध्ये त्या सुटल्या. नव्वदच्या दशकात संस्थेने एका वर्षाचा नियम धरून लावला आणि जून १९९९ मध्ये सरकार थोडं नमलं. नवऱ्याच्या छळामुळे घर सोडावं लागलेल्या बाईला कायम राहता येईल, अशी सवलत जाहीर झाली.

पण पुरावा काय मागितला? कोर्टाचा मनाई हुकूम, नवऱ्याला झालेली शिक्षा, नाहीतर पोलिसांनी दिलेली रीतसर ताकीद. आता मला सांगा, जिला एकटीला दुकानापर्यंत जाऊ देत नाहीत, जिला इंग्रजी येत नाही, ती पोलिसात कधी जाणार? आपल्याकडेही मार खाऊन ‘पाय घसरला’ म्हणणाऱ्या बाया कमी नाहीत. मग पुन्हा भांडण. २००२ मध्ये सवलत नियमात लिहिली गेली आणि डॉक्टरांचं पत्र, बायांच्या निवारागृहाचं पत्र असे पुरावेही धरले जाऊ लागले. लगेच २००३ मध्ये एका वर्षाची मुदत मात्र दोन वर्षं झाली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं!

खरी अडचण तर पोटाची होती. या बायांच्या व्हिसावर अट असे, की सरकारी मदत घेता येणार नाही. तिथली निवारागृहं राहणाऱ्या बाईला मिळणाऱ्या सरकारी घरभाड्यावर चालतात. भाडं मिळणार नाही, तर खाट कोण देणार? हक्क आहे, पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत झोपायचं कुठे, अशी गत. माझ्या मते पुष्कळ बाया घर सोडत नसत त्या यामुळेच. २००९ मध्ये प्रयोग म्हणून अशा बायांच्या राहण्या-जेवणाचा खर्च सरकारने उचलला. एप्रिल २०१२ पासून अर्ज करण्यासाठी तीन महिने मदतीसह राहण्याची कायमची सोय झाली. त्याच वर्षी जुलैत मुदत पाच वर्षांवर नेली.

ही सवलत होती नागरिकाच्या किंवा तिथे कायम झालेल्याच्या बायकोला. पुण्या-नाशिककडच्या मुली कंपनीच्या नोकरीवर गेलेल्या नवऱ्यामागे जातात, त्या यात बसत नव्हत्या. २०२४ साली तीन महिन्यांची सोय त्यांनाही मिळाली, पण त्यापुढे कायम राहण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.