दुखणं कंबरेचं, उपचार मनावर?

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात धावडा, पिंपळगाव रेणुकाई या पट्ट्यात मिरचीची तोडणी म्हणजे दिवसभर वाकून काम. कपाशीची वेचणीही तशीच. कंबर धरलेली, गुडघ्यांनी हैराण झालेली माणसं इथं शोधावी लागत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी जीव दिला की बातमीत ‘आजारपणाला कंटाळून’ एवढं छापून येतं आणि विषय मिटतो. त्यामागचा समज शिकलेल्यांतही पक्का आहे: दुखणं शरीराचं, ते थांबत नसेल तर मानसोपचारवाले बोलून काय करणार?

हा समज अगदीच निराधार नाही. बोलण्यानं मणक्याची चकती जागेवर येत नाही. जुनाट वेदनेवरच्या मानसोपचाराच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर खुद्द कळेत पडणारा फरक लहानच दिसतो. आक्षेपक इथंच जिंकल्यासारखे थांबतात. पण कळ किती उतरली हे मोजून माणूस वाचला की नाही, हे कसं कळणार?

जुनाट वेदना असलेल्यांत आत्महत्येचा धोका इतरांच्या निदान दुप्पट आढळतो. तरीही त्यातले बहुसंख्य जगतात. सारखीच कळ सोसणाऱ्या दोघांपैकी एकच टोकाला का जातो, हे एक्स-रेत दिसत नाही. मोडलेली झोप, ‘आता यातून सुटका नाही’ ही हताशा, ‘मी घराला ओझं झालो’ ही बोच या गोष्टी अभ्यासकांना पुन्हा पुन्हा सापडतात, आणि मानसोपचाराचं काम नेमकं तिथंच चालतं. शिवाय मज्जारज्जूत वेदनेचं दार कमी-जास्त उघडतं आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते हलवतात, अशी मांडणी वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ सालीच केली. आपण मात्र अजून शरीर आणि मन यांची वाटणी करत बसलोय.

प्रत्यक्षात होतं काय? कंबरदुखीचा माणूस जरा बरं वाटलं की दोन दिवसांचं काम एका दिवसात ओढतो, पुढचे तीन दिवस खाटेवर पडतो आणि ‘आपण कामातून गेलो’ असं ठरवून टाकतो. समुपदेशक त्याचं काम घड्याळाला बांधतो. बरं वाटो न वाटो, ठरली तेवढीच मिनिटं तोडणी, मग पाठ टेकायची. सुटलेला आठवडी बाजार, पारावरची बैठक एकेक करून परत सुरू करायची. आणि सरळ विचारायचं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ (विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हाही एक खोटा समज.) उत्तर ‘हो’ आलं, तर फवारणीचं औषध कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, आणि वाईट रात्री कुणाला उठवायचं ते आधीच ठरलेलं.

खेड्यात हे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातला ‘विश्राम’ प्रकल्प पाहावा. ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून काम झालं. नैराश्यावर उपचार घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार आलेले ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रोख नैराश्यावर होता, वेदनेवर नव्हे. तेव्हा सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. पण ‘जमणारच नाही’ हे म्हणणं निकालात निघतं.

शेतकरी चळवळीचा आक्षेप अधिक वजनदार आहे: कर्ज आणि शेतमालाचा भाव सोडून मनाचं बोलणं म्हणजे दोष शेतकऱ्याच्याच माथी मारणं. कर्जमुक्तीऐवजी समुपदेशन पुढं केलं, तर ती फसवणूकच. मात्र २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींत देशभरातल्या १८.४ टक्के आत्महत्यांपुढं आजारपण हे कारण आहे, कर्जबाजारीपणा ४.१ टक्क्यांपुढं. पोलिसांची ही कारणमीमांसा ढोबळच. तरी ती झटकता येणार नाही. त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला सरकारी मदत मिळते ती कारण नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा असेल तरच. दुखण्यानं गेलेल्याचं घर ‘अपात्र’. म्हणजे त्याला जिवंतपणी समुपदेशन नाही आणि मागं राहिलेल्यांना मदतही नाही.

शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५ पासून ज्या १४ जिल्ह्यांसाठी आहे, त्यांत जालना आहे; म्हणजे समुपदेशनाची सोय कागदावर तरी आहे, दुखणेकऱ्याला तिथवर न्यायचं तेवढं राहिलंय. दर महिन्याला दुखण्याच्या गोळ्या नेणाऱ्याला आरोग्य केंद्रात झोपेबद्दल आणि जगण्याच्या इच्छेबद्दल दोन प्रश्न विचारायला वेगळा निधी लागत नाही. ते विचारायला लागा. आणि घरात दुखण्यानं असं खचलेलं कुणी असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.