मामांचं पोस्टकार्ड

आमच्या घरी एक जुनं पोस्टकार्ड आहे. वडील लहान असताना त्यांच्या मामांनी नागपूरहून भिवापूरला, थेट त्यांच्याच नावाने पाठवलेलं. तारीख नाही, शिक्का पुसट. पण छापील किंमत 'नये पैशां'त आहे, म्हणजे कार्ड १ एप्रिल १९५७ नंतरचं. 'नये' हा शब्द १ जून १९६४ला गेला. जुना साठा वापरला असेल तर थोडं पुढचं. पत्त्यात पिनकोडही नाही, तो १५ ऑगस्ट १९७२ला आला.

भारतात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झालं, पाव आण्याला. उघडं पत्र, पोस्टमनसकट सगळे वाचणार! म्हणूनच की काय, मामांनी घरातलं काही लिहिलेलं नाही. पोराला वाचता यावं म्हणून मोठ्ठं अक्षर: तुझी परीक्षा झाली की छोट्या गाडीने येतो, स्टेशनवर ये, आईला मिरच्या वाळवून ठेवायला सांग. अर्थात भिवापुरीच, दुसरी त्यांना चालायची नाही.

ती नॅरोगेज २०१९ला रूळ रुंद करायला बंद झाली. मामांचा एकही फोटो आमच्याकडे नाही, हस्ताक्षर तेवढं हे. शाई फिकी पडत चालली, म्हणून यंदा दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढली. मूळ कार्ड वडिलांच्या शाळेच्या दाखल्यासोबत ठेवलंय.