साक्षर कोण, हे कोण ठरवते?

१९८१ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे मास्तर आमच्या दारात आले, तेव्हा नानी ओसरीवर रेहल मांडून कुराण शरीफ वाचत होती. मास्तर गावच्याच शाळेतले, मोहल्ल्याच्या ओळखीचे. त्यांनी मामूंना विचारले, "आजी शिकलेल्या आहेत का?" मामू म्हणाले, "नाही मास्तर, अंगठा." मास्तरांनी निरक्षर अशी नोंद केली. नानीने मान वर करून पाहिले नाही. तिचे वाचन चालूच होते.

नियमाप्रमाणे मास्तर चुकले नव्हते. कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारा तो साक्षर. नुसते वाचता येते, लिहिता येत नाही, तो साक्षर नाही. नानीला नाझरा येत होता, अरबीचा अर्थ येत नव्हता. उर्दू मिलादनाम्याची पाने मात्र ती बोट ठेवून, अडखळत आणि समजून वाचायची. पण कलम तिच्या हातात कोणी दिलेच नव्हते. मुलगी लिहायला शिकली तर चिठ्ठ्या लिहील, ही भीती त्या काळात केवळ आमच्या घरची नव्हती आणि केवळ मुसलमानांचीही नव्हती. म्हणजे नानीला निरक्षर ठरवले ते आधी तिच्या वडिलांनी. मास्तरांनी फक्त नोंद केली.

पण तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. देशात किती लोकांना लिहिता-वाचता येते, हे मोजायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आपल्याकडे हे काम जुने आहे. १८३५ साली गव्हर्नर जनरल बेंटिंकने विल्यम ॲडम नावाच्या स्कॉटिश माणसाला बंगाल आणि बिहारमधल्या शिक्षणाची पाहणी करायला नेमले. हा ॲडम आला मिशनरी म्हणून आणि राजा राममोहन राय यांच्या सहवासात त्याचे मत पालटले, ती कथा वेगळी. त्याने १८३५, १८३६ आणि १८३८ असे तीन अहवाल दिले. दुसरा अहवाल राजशाही जिल्ह्यातल्या नाटोर ठाण्याचा, ४८५ गावांचा. इंग्रज साहेब गावात शिरला की लोक घाबरतात, ही भीती कधीकधी जातच नाही, असे त्याने स्वतःच नोंदवले. मग त्याने त्या मुलखातलीच जाणकार माणसे हाताशी धरली. त्यांना तो 'वाकिफकार' म्हणतो. किती नेमका शब्द आहे! दारात येणारा माणूस वाकिफ असला तर उत्तर खरे मिळते, हे त्याला दोनशे वर्षांपूर्वी कळले होते.

ॲडमने शाळेतली मुले मोजली, तशी प्रौढ माणसेही मोजली, आणि साक्षर-निरक्षर अशा दोन ढिगाऱ्यांत टाकली नाहीत. विद्वान, लिहिण्यावाचण्यापलीकडे शिकलेले, नुसते लिहिता-वाचता येणारे, आणि अगदी तळाला फक्त सही करता किंवा सही ओळखता येणारे, अशा पायऱ्या त्याने मांडल्या. फारसीच्या शाळांत मुसलमान मुलांपेक्षा हिंदू मुले जास्त आहेत, हेही त्याच मोजणीत निघाले. फारसी म्हणजे मुसलमानांची भाषा असे मानणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी ते आवर्जून पाहावे. पुढे काय झाले? इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने मेकॉलेचा शेरा १८३५ मध्येच येऊन गेला होता. ॲडमचे अहवाल बासनात गेले.

१८८१ आणि १८९१ च्या जनगणनेत तीन रकाने होते: शिकत असलेला, साक्षर, निरक्षर. १९०१ मध्ये पहिला रकाना गेला. त्या वर्षी साक्षरतेचा आकडा होता ५.३५ टक्के, स्त्रियांचा ०.६०, म्हणजे हजारात सहा. १९११ ला कसोटी घट्ट झाली: मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे, तो साक्षर. आम्हाला ही व्याख्या आवडते. तिच्यात लिहिणे-वाचणे कशासाठी, याचे उत्तर आहे. पण पत्र कोणी कोणाकडून लिहून घेतले? मोजणीदार कर्त्या पुरुषाला विचारणार आणि तो घरातल्या बायकांच्या वतीने हो किंवा नाही म्हणणार. १९५१ चे १८.३३ टक्के, १९९१ चे ५२.२१ आणि २००१ चे ६४.८३ हे आकडे प्रामुख्याने अशा सांगण्यावर उभे आहेत.

सांगणे आणि येणे यांत अंतर किती असते, याचा धडा अमेरिकेने १९९२ साली घेतला. तिथे जवळजवळ सगळेच स्वतःला साक्षर म्हणवत. तरी सरकारने प्रौढांच्या साक्षरतेचे राष्ट्रीय सर्वेक्षण करायचे ठरवले, काम एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेकडे दिले. चारशेहून अधिक प्रशिक्षित माणसे घरोघर गेली, त्यांतली काही स्पॅनिशही बोलणारी. तुरुंगातले सुमारे अकराशे कैदी धरून २६ हजारांच्या आसपास प्रौढांची तपासणी झाली. घरी बसून तासाभराहून अधिक वेळ देणाऱ्यांना २० डॉलर दिले. 'वाचता येते का?' एवढे विचारून कोणी उठले नाही. समोर कागद ठेवला. बँकेच्या भरणा-पावतीवरची बेरीज करा. वाहन परवान्याची मुदत कधी संपते ते दाखवा. सगळ्यात अवघड पायरीवर, खोलीत गालिचा घालायला एकूण खर्च किती येईल ते हिशेबयंत्र घेऊन काढा. मजकूर, तक्ते-फॉर्म आणि हिशेब अशा तीन पट्ट्या, प्रत्येकीवर शून्य ते पाचशे गुण आणि पाच पायऱ्या.

१९९३ मध्ये निकाल लागला. २१ ते २३ टक्के, म्हणजे चार कोटींहून अधिक प्रौढ, सर्वांत खालच्या पायरीवर निघाले. त्याहून बोलका आकडा पुढचा. या तळाच्या पायरीवरच्यांपैकी ६६ ते ७५ टक्के लोकांनी आपल्याला इंग्रजी चांगले किंवा फार चांगले लिहिता-वाचता येते असे सांगितले होते! ते खोटे बोलत नव्हते. त्यांचे रोजचे निभत होते.

पण या निकालातही एक मेख होती. परीक्षा फक्त इंग्रजीची. तळाच्या पायरीवरच्यांत चौथा हिस्सा बाहेर देशातून आलेल्यांचा होता. त्यांतला एखादा आपल्या भाषेत पंडित असेल. कागदापुढे तो तळालाच. आमच्या नानीपुढे मराठी फॉर्म ठेवला असता तर तिचेही तेच झाले असते. पुढे ओईसीडीने २०११-१२ पासून अनेक देशांत अशाच चाचण्या घेतल्या, पण त्यात भारत नव्हता. आपल्याकडे त्याची छोटी आवृत्ती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सापडते. २००५-०६ च्या फेरीत, १५ ते ४९ वयाच्या ज्यांचे शिक्षण थोडके, त्यांच्यापुढे एका वाक्याचे कार्ड धरले. पूर्ण वाचले किंवा थोडे वाचले, तरी साक्षर. लिहायची अट नाही. ५५ टक्के स्त्रिया आणि ७८ टक्के पुरुष त्यात बसले. हिशेबाचे मात्र कोणी विचारले नाही.

आणि हिशेब हेच नानीचे खरे शिक्षण. नाना मणियार, नानी आठवडे बाजारात बांगड्यांची टोपली घेऊन बसायची. पाऊण डझन, दीड डझन, मागच्या बाजारची उधारी, सगळे तोंडी. पावकी-निमकी तिने शाळेत नव्हे, टोपलीपाशी पाठ केली. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात रस्त्यावर विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात ९८ टक्के हिशेब बरोबर करणाऱ्या त्याच मुलांना तीच गणिते कागदावर आकडेमोड म्हणून दिली, तेव्हा जेमतेम ३७ टक्के बरोबर आली. मालेगाव-भिवंडीच्या मागावर मजुरीचा हिशेब तोंडी करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आता आपल्या आकड्यांकडे. २००१ च्या जनगणनेचे धर्मवार तक्ते २००४ मध्ये बाहेर आले. त्या आठवड्यात सगळा गदारोळ मुसलमानांच्या वाढीच्या दरावर झाला. त्याच तक्त्यांत साक्षरता होती: देशात मुसलमान ५९.१ टक्के, मुसलमान स्त्रिया ५०.१. महाराष्ट्रात मात्र मुसलमान ७८.१ आणि राज्याची सरासरी ७६.९. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? २०११ चे तक्ते २०१६ मध्ये आले, तेव्हा '४२.७ टक्के मुसलमान निरक्षर' असे मथळे झळकले. त्या आकड्यात पाळण्यातली पोरेही धरलेली होती. सात वर्षांवरचे मोजले तर मुसलमानांची साक्षरता ६८.५ टक्के होते, देशाची ७३. अंतर आहे, ते झाकायचे कारण नाही. पण मथळ्याएवढे नाही. आमच्याकडे दोन जमाती आहेत. एक असा मथळा वाचून शरमेने मान खाली घालते, दुसरी सगळे आकडेच कारस्थान म्हणते. तक्ता उघडून पाहणारे थोडेच.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख २०२५ मध्ये जाहीर झाली. दारात कोण येते, कशासाठी येते, याची धास्ती आज कित्येक मोहल्ल्यांत आहे आणि ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. धास्तीत दिलेले उत्तर मात्र नानीच्या नोंदीसारखेच असते: दुसऱ्या कोणीतरी, घाईत, तिच्या वतीने दिलेले.

२०२४ च्या मार्चमध्ये आमच्या मामीने नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा दिली. वाचनाला ५०, लेखनाला ५०, हिशेबाला ५०. तिने शेवटचा भाग आधी उरकला, कच्च्या कामाला कागद मागितलाच नाही. लेखनाला वेळ लागला. बाहेर आली तेव्हा बोटांना शाई होती आणि तक्रार एकच होती: पत्ता लिहायला जागा फार थोडी ठेवली होती.