शिंपल्यांचा किल्ला

फ्लोरिडाला जाणार असाल, तर डिस्नेतून एक दिवस काढून सेंट ऑगस्टीनचा किल्ला बघून या. नाव कास्तियो दे सान मार्कोस. स्पॅनिशांनी तो १६७२ साली बांधायला घेतला, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी.

भिंती कोकिनाच्या. शिंपल्यांचा चुरा घट्ट होऊन झालेला हा मऊ दगड. तोफगोळा आदळला तरी तडकत नसे, गोळाच आत रुतून बसे. १७०२ साली कॅरोलायनाच्या इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा सुमारे दीड हजार माणसं बायकापोरांसह जवळजवळ पन्नास दिवस आत राहिली. गाव जळालं, किल्ला पडला नाही.

शनिवार-रविवारी स्पॅनिश शिपायांच्या वेशातली हौशी स्वयंसेवक मंडळी तोफ उडवून दाखवतात. नंतर त्यांच्याशी जरूर बोला. भारतातून आलोय म्हणा, आपल्या गडांबद्दल सांगा, गप्पा रंगतात. आणि कोठड्यांबद्दल नक्की विचारा. १८७५ मध्ये अमेरिकी सैन्याने शायान, कायोवा वगैरे जमातींचे सत्तरएक लोक बेड्या घालून इथे आणले आणि तीन वर्षं डांबले. त्यांनी वह्यांच्या कागदांवर आपले घोडे, शिकारी, माळरान रंगवलं.

आपल्या नगरच्या किल्ल्याचंही तसंच. चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध लढवला; तिथेच १९४२ मध्ये इंग्रजांनी नेहरूंना कोंडलं. म्हणून कुठल्याही किल्ल्यावर गेलात, तर कोण जिंकलं एवढंच विचारू नका. आत कोण होतं, तेही विचारा.