मोजणीतले म्हातारपण

अण्णांकडून सोसायटीचे हिशेब मी काढून घेतले, तेव्हा त्यांनी नुकतीच सत्तरी ओलांडली होती. शाळेत ऐकलेले एक वाक्य मी त्यांच्या तोंडावर फेकले होते : "तिशीनंतर मेंदूतल्या पेशी रोज हजारोंनी मरतात, अण्णा, त्याला तुम्ही तरी काय करणार!" ते काही बोलले नाहीत. ते वाक्य आले कुठून, हे शोधायची बुद्धी मला ते गेल्यावर झाली.

शोधाचा एक धागा १९५५ सालापर्यंत जातो. अमेरिकेतील हॅरल्ड ब्रॉडी यांनी नवजात बालकापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंतच्या मेंदूंचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून चेतापेशी मोजल्या. वयाबरोबर बाह्यकातल्या, म्हणजे मेंदूच्या वळ्यावळ्यांच्या वरच्या थरातल्या, पेशी विरळ होताना त्यांना दिसल्या. काम कष्टाचे आणि प्रामाणिक होते. पेशी मरत जातात ही समजूत पुढे 'रोज इतक्या हजार' अशा रूपात घरोघरी पोचली.

गफलत होती ती मोजण्याच्या रीतीत. एका ठरावीक चौकोनात किती पेशी दिसतात हे मोजले जाई. अख्ख्या मेंदूत किती, हे नव्हे. जर्मनीतील हर्बर्ट हाउग यांनी १९८०च्या दशकात दाखवले, की काप तयार करण्याच्या प्रक्रियेत मेंदू आकसतो, आणि तरुण मेंदू वृद्ध मेंदूपेक्षा जास्त आकसतो. कापड आटले की त्यावरचे ठिपके जवळ येतात, वाढत नाहीत. तरुण मेंदूतली दाटी काही अंशी अशी होती.

१९८४ मध्ये मोजणीची नवी रीत आली, 'डायसेक्टर' : लगतचे दोन काप ताडून पाहायचे आणि एकात दिसणारी, दुसऱ्यात नसलेली पेशीच मोजायची. म्हणजे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. लेखक म्हणून नाव होते डी. सी. स्टेरिओ. असा माणूसच नव्हता! डायसेक्टरच्या इंग्रजी स्पेलिंगची अक्षरे उलटसुलट करून ते नाव बनवले होते. या रीतीने डेन्मार्कमध्ये बेंटे पाकेनबर्ग आणि हान्स गुंडरसन यांनी ९४ मेंदू मोजले. १९९७ साली त्यांनी सांगितलेला २० ते ९० या वयांमधला फरक होता सुमारे १० टक्के.

मग म्हातारपणी बदलते काय? मोठ्या पेशी आकसतात, कपाळामागच्या भागातली जोडणी विरळ होते, तंतूंवरचे मायलिनचे वेष्टन झिजते. माणूस सावकाश होतो. शब्दसंपत्ती मात्र उशिरापर्यंत टिकते. वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिएटलमध्ये त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांच्या बहुतेक क्षमता साठीपर्यंत फारशा ढळलेल्या दिसल्या नाहीत. आधीच्या चाचण्या एकाच वेळी तरुण आणि वृद्ध शेजारी बसवत. त्या वृद्धांचे शालेय शिक्षणच कमी झालेले असे, हे कुणी फारसे धरत नव्हते.

अण्णांच्या शेवटच्या वर्षाची वही मी परवा काढली. सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. एकही चुकलेली नाही. त्यांना फक्त वेळ लागत होता, आणि मला घाई होती.

मोजणीचे भांडण अजून मिटलेले नाही. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये प्रौढपणी नव्या चेतापेशी जन्मतात का, यावर २०१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये दोन शोधनिबंध आले. एकाला त्या सापडल्याच नाहीत. दुसऱ्याला ७९ वर्षांच्या मेंदूतही सापडल्या. वाद पुन्हा त्याच जागी आला आहे : मृत्यूनंतर किती वेळाने मेंदू काढला, आणि तो कशात, किती काळ बुडवून ठेवला.