गोदाकाठचा पूर आणि विहिरीचे पाणी

परभणी जिल्ह्यात गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम अशा तालुक्यांतून वाहते. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. गोदावरी दुथडी भरली की उपनद्यांचे पाणी तुंबते आणि फुगवटा ओढ्यानाल्यांतून मागे शिरतो. म्हणूनच जुनी गावे उंच पांढरीवर वसली आणि सखल काळी पिकाला राहिली. घरे वाचत, पिण्याचे पाणी वाचत नसे. विहिरी ओढ्याच्या अंगाला, आणि उकिरडे नि हागणदारीही त्याच उतारावर. कठडा नसलेल्या विहिरीत पुराचे पाणी शिरले की हगवण, विषमज्वर, कावीळ ठरलेली. पटकीची धास्ती वेगळीच.

माणसांइतकाच फटका गोठ्याला बसे. फऱ्या रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पुराने माती उकरली की ते गाळासोबत चाऱ्यावर बसतात आणि बहुधा तरण्याताठ्या जनावराच्या पोटात जातात. मांडी सुजते, सूज दाबली की चरचर वाजते आणि एकदोन दिवसांत जनावर दगावते. असे जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे असते. ते नदीत लोटले, तर रोग खालच्या गावांपर्यंत जाऊ शकतो.

पुराची जमेची बाजू एकच, गाळ. पाणी ओसरल्यावर काठावर गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणी, होई.

पूर्णेवर येलदरी धरण 1968 च्या सुमारास झाले. गोदावरीवरील जायकवाडीचे उद्घाटन 1976 मध्ये झाले. लहानसहान पूर कमी झाले, पण धरण भरलेले असताना पाऊस कोसळला की दरवाजे उघडावेच लागतात. ऑगस्ट 2006 मध्ये गोदाकाठाने ते अनुभवले. दरम्यान कालव्याने ऊस आणला, संकरित कापसाने फवारणी आणली आणि शहरांची गटारे नदीला मिळाली. गाळाचा मोठा वाटा धरणात अडकतो. पुराच्या पाण्यात मात्र आता मैल्याबरोबर खते आणि कीटकनाशकेही असतात. रोगराई सोसून गाळ मिळवण्याचा गोदाकाठाचा सौदा इथे तोट्याचा झाला. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात पिके बुडाली, जमिनी खरडून गेल्या. ती माती नद्यांतच उतरली.

पुरानंतर विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकण्याचा उपाय आजही तोच आहे. तिने पटकीचे नि विषमज्वराचे जंतू मरतात. खतातले नायट्रेट मात्र पाण्यात तसेच राहते.