जीएमआरटीमधील संगणकप्रणालींचे स्थलांतर

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) संकेतप्रक्रिया व विदा विश्लेषणाच्या प्रणाली गेल्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने बदलण्यात आल्या. या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ तिचा वापर करतात. त्यामुळे दुर्बीण दीर्घकाळ बंद ठेवणे शक्य नव्हते, आणि जुनी निरीक्षणे निरुपयोगी होऊ देणेही परवडणारे नव्हते.

== संकेतप्रक्रिया ==
३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या संकेतांची तुलना करण्याचे काम कोरिलेटर करतो. आरंभी हे काम खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होते. २०१०च्या सुमारास तिची जागा बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या लिनक्सआधारित समूहाने, म्हणजे 'जीएमआरटी सॉफ्टवेअर बॅकएंड'ने घेतली. सोल्डर केलेल्या जोडण्यांऐवजी आज्ञावलीत दुरुस्ती करणे शक्य झाल्याने हा बदल मूलगामी ठरला.

या प्रणालीची बँडविड्थ सुमारे ३२ मेगाहर्ट्झ होती. दुर्बिणीच्या अद्ययावतीकरणात ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेण्यात आली. त्यासाठी एफपीजीए मंडले व ग्राफिक्स प्रोसेसर यांची संमिश्र प्रणाली उभारण्यात आली. नवे विस्तृत संकेत जुन्या संकेतांसोबत त्याच प्रकाशीय तंतूंतून, पण वेगळ्या तरंगलांबीवर पाठवले गेले. अशा रीतीने दोन्ही प्रणाली काही काळ शेजारी-शेजारी चालू राहिल्या. जुन्या प्रणालीवर निरीक्षणे सुरू ठेवून नवी पारखता आली. खर्च व देखभाल मात्र दुहेरी झाली.

== कालमापनातील अडचण ==
स्पंदकांच्या निरीक्षणात स्थलांतराचा परिणाम सर्वाधिक जाणवतो. स्पंदने पोहोचण्याच्या वेळा वर्षानुवर्षे मायक्रोसेकंदांच्या पातळीवर नोंदवल्या जातात. प्रत्येक प्रणालीत संकेताला होणारा विलंब वेगळा असल्याने प्रणाली बदलताच मापनात कृत्रिम उडी दिसते. तो फरक मोजून वजा न केल्यास स्पंदकाच्या गतीतच बदल झाल्याचा भास होऊ शकतो. गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी अद्ययावत जीएमआरटी वापरणाऱ्या भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरेसारख्या प्रकल्पात हा प्रश्न गौण नाही.

== विदा व विश्लेषण ==
जीएमआरटीची विदा 'एलटीए' या स्वतःच्या स्वरूपात साठवली जाते. विश्लेषणापूर्वी 'लिस्टस्कॅन' व 'जीव्हीफिट्स' या आज्ञावलींच्या साहाय्याने तिचे 'फिट्स' या सर्वमान्य स्वरूपात रूपांतर करतात. या लहानशा आज्ञावली टिकल्या नाहीत, तर संग्रहातील निरीक्षणे असूनही वाचता येणार नाहीत.

विश्लेषणासाठी प्रदीर्घ काळ 'एआयपीएस' हे मुख्यतः फोरट्रानमधील सॉफ्टवेअर प्रचलित होते. पुढे 'कासा' आले. दोहोंतील आज्ञा, मापदंडांची नावे आणि सदोष विदा चिन्हांकित करण्याच्या पद्धती भिन्न असल्याने जुन्या कार्यपद्धती जशाच्या तशा हलवता येत नाहीत. त्या नव्याने लिहून, परिणाम जुन्यांशी ताडून पाहावे लागतात. 'स्पॅम' ही दुर्बिणीच्या १५० मेगाहर्ट्झ आकाशसर्वेक्षणासाठी वापरली गेलेली प्रक्रिया एआयपीएसवर व पायथन २ वर अवलंबून आहे. पायथन २ ला मिळणारे अधिकृत पाठबळ १ जानेवारी २०२० रोजी संपले, तर कासाची सहावी आवृत्ती पायथन ३ वर आधारलेली आहे.